पहिल्या हाकेला वळायचं नसतं

भास्कर, परवा तुझ्या शोकसभेत मला बोलायला बोलावलं आणि मी उठलो नाही. माईकवरच्या वकीलबाईंनी दोनदा नाव घेतलं. "भास्कररावांचे तीस वर्षांचे मित्र, ट्रॅक्टरवाले सुदामभाऊ." मी दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसून राहिलो. लोकांना वाटलं, गहिवरलाय. तुला खोटं सांगण्यात अर्थ नाही. मी चिडलो होतो. जो उठेल तो म्हणत होता, भास्कर वकिलांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. मला दुखावलं होतंस की. चौदा महिने मी ते उराशी धरून फिरत होतो, उत्तरं तयार ठेवून, आणि ज्याला ती द्यायची तो समोर फोटोत हसत बसलेला.

सभा संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बोलला नाहीत ते नाहीत. निदान लिहून द्या. कोर्टातली मंडळी ह्यांच्या आठवणींचं पुस्तक काढतायत." म्हणून लिहितोय. छापायचं की नाही ते वहिनी ठरवतील.

आपली ओळख बैलबाजारात झाली, असं तू सांगायचास तेव्हा तुझे वकील मित्र हसायचे. त्यांना वाटायचं गंमत करतोस. तेव्हा माझं नाशिक रोडला जुन्या ट्रॅक्टरांचं आवार नव्हतं. मी हेडी होतो. निफाडकडून बैल घ्यायचे, कुठल्या तरी बाजारात विकायचे, मिळेल तिथं भाकरी खायची. आमच्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. त्याला पटलं तर तो पंजा दाबतो, सौदा झाला. नाही पटलं तर बोटं कमी करतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो.

तुझे मामा बैलजोडी घ्यायला आले होते आणि तू नुकताच वकील झालेला, त्यांच्यासोबत. मामांचा हात मात्र कुणी धरत नव्हतं. व्यापारी दोन हात लांबून भाव बोलून दाखवायचे. सगळ्यांदेखत बोललेला भाव खाली येत नाही, कारण बाकीचे ऐकतात. घ्यायचं तर तेवढ्याला घ्या, नाही तर चालू लागा. मामांना सवय झाली होती. त्यांना बोटांची भाषाच येत नव्हती, कारण ती हात धरूनच शिकवतात. तू मात्र लालबुंद झाला होतास.

माझ्याकडे एक जोडी उरली होती आणि मला घरी जायचं होतं. यात मोठेपणा काहीच नव्हता, हे मी तुला हजारदा सांगितलं. मी टॉवेल खांद्यावरून काढला. मामा मागं सरकले आणि तू पुढं आलास. उजवा हात लांब केलास आणि म्हणालास, "मला शिकवा. आणि सौदा माझ्याशीच करा."

पाऊण तासात तू भाषा शिकलास आणि त्याच भाषेत मला खाली आणलंस. शेवटी पंजा दाबलास तेव्हा आजूबाजूचे दोनतीन व्यापारी माझ्याकडे असं बघत होते की जणू मी बैलाऐवजी बाजारच विकला. एक जण म्हणालाच, "सुदाम, तुला लय घाई झाली का रं?" मी म्हटलं, "हां, झाली. तुला नाय जमलं ते माझ्यावर काढू नको."

मग पुढं तीस वर्षं. कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा कुणी पाजायचा हे आपण वर्तमानपत्राखाली ठरवायचो. तू काळा कोट घालून गंभीर चेहऱ्यानं अग्रलेख वाचतोयस असं दाखवायचास आणि खाली माझी बोटं मोडायचास. टपरीवाला म्हणायचा, "साहेब, चहाच्या कपावर एवढं? ह्यात एखादा खटला निघाला असता."

मला भांडणं करायची खोड होती आणि तुला ती समजावून सांगायची. आवारात न विचारता एक जण घुसला आणि उभ्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून बघायला लागला तेव्हा मी लोखंडी टॉमी घेऊन धावलो होतो. तो पळाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वकिलाचं पत्र. मी तुझ्याकडे आलो, छाती काढून. "मी मारलेलं नाही."

"उगारलीस?"

"उगारली. पण लावली नाही."

"त्याला वाटलं की बसणार आता?"

"वाटलं म्हणून तर पळाला."

"मग झालं. एवढं पुरतं." तू चष्मा काढून पुसत म्हणालास. "सुदाम, कायदा फक्त जखमा मोजत नाही. माणसाला धाक घातलास, तेही नुकसान. अंगाला त्याच्या मर्जीशिवाय हात लावलास, ओरखडाही उठला नाही, तरी नुकसान. दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवलास, गवताची काडी मोडली नाही, तरी नुकसान."

"म्हणजे तो माझ्या आवारात घुसला, तेही?"

"तेही. तुझाही त्याच्यावर दावा होतो. पण आधी टॉमी खाली ठेव."

मी वाद घातला होता. सिटी बसमध्ये रोज शंभर लोक अंगावर पडतात, त्यांच्यावर लाव दावे. तू म्हणालास, तो धक्का असतो, तो कुणी ठरवून देत नाही. इथं हात ठरवून पुढं गेलेला असतो. दुखवायचं ठरवलं नसेल, पण हात लावायचं ठरवलेलं असतं. पुस्तकात त्याला अपकृत्य की काय म्हणतात ते तू सांगितलंस आणि मी लगेच विसरलो. लक्षात राहिला तो तुझा एकच प्रश्न. धाक असो, स्पर्श असो, आत शिरणं असो, तू प्रत्येक वेळी तेच विचारायचास: "विचारलं होतंस का?"

एकदा मी वैतागून म्हणालो, "तू काय रे सारखं विचारलंस का, विचारलंस का?" तेव्हा तू हसला नाहीस. म्हणालास, "माझ्या आजीला लोक पाणी वरून ओतायचे. उंबऱ्याच्या आत पाय नाही, हाताला हात नाही. ते कुणी तिला विचारून ठरवलं नव्हतं. म्हणून माझ्यासाठी हात लावणं ही साधी गोष्ट नाही, आणि दारात उभं राहणंही नाही." त्या दिवशी चहाचे पैसे मी घासाघीस न करता दिले.

मग ते शेवाळे सरांचं झालं.

एकलहऱ्याचे शिक्षक. वडील गेल्यावर शेती अंगावर पडली म्हणून जुना ट्रॅक्टर बघायला आले होते. माणूस सावकाश, सगळं वहीत लिहून घेणारा. इंजिनाचे तास विचारले, टायर बघितले, भाव विचारला. मी सवयीनं टॉवेल काढला आणि त्यांचा हात आत घेतला. ते दचकले. म्हणाले, "हे काय? सोडा." आता आमच्या धंद्यात "सोडा" हा नकार नसतो. "सोडा" म्हणजे अजून थोडं खाली या. समोरचा ओढतो, आपण धरून ठेवतो, त्यातच निम्मा सौदा होतो. मी धरून ठेवलं. ते पुन्हा म्हणाले, "अहो सोडा म्हणतोय ना!" मी हसत अजून दोन बोटं दाबली. त्यांनी हिसका दिला, मधलं बोट मुरगळलं, वही चिखलात पडली.

पुढच्या आठवड्यात नोटीस आली. लेखी माफी आणि नुकसानभरपाई.

मी ती नोटीस घेऊन तुझ्या ऑफिसात आलो तेव्हा हसतच आलो होतो. मला वाटलं होतं, ह्या खटल्यासाठी तर तू जन्माला आलायस. टॉवेलाखालचा हात ह्या कोर्टात तुझ्याइतका कुणाला ठाऊक? मी म्हटलं, "रूढी म्हणून मांड. चारशे वर्षांची रूढी." तू नोटीस दोनदा वाचलीस आणि टेबलावर उलटी ठेवलीस.

"मी घेणार नाही."

"का?"

"कारण तो म्हणाला सोडा, आणि तू सोडलं नाहीस. ज्यांना भाषा येते त्यांच्यात ती रूढी. त्याला येत नव्हती. तो तुझ्या बाजारात उभाच नव्हता, सुदाम. तो दुकानात आला होता. जा, त्याच्या घरी जा, माफ करा म्हण. दोन शब्द. दावा तिथंच मिटेल."

"मी माफी मागू? मी चोरी केली?"

"हात लावलास."

आणि मग मी ते बोललो. इथं लिहायला नको वाटतंय, पण तू ऐकलंस आणि मी बोललो, तिसरं कुणी नव्हतं, आणि तू आता कुणाला सांगणार नाहीस. मी म्हणालो, "त्या दिवशी बाजारात तुझा हात कुणी धरत नव्हतं. मी धरला. तेव्हा नाही विचारलंस, विचारलं का म्हणून?"

तू चष्मा काढून नोटिशीवर ठेवलास. मग अगदी हळू म्हणालास, "तू धरला नाहीस. मी पुढं केला होता." आणि उठून दाराकडे बोट दाखवलंस. "बाहेर हो."

मी उठलो नाही. म्हटलं, तीस वर्षं ह्या खुर्चीत बसतोय, नाही जात. तू म्हणालास, "आतापर्यंत माझ्या परवानगीनं बसला होतास. आत्ता ती काढून घेतली." मी टेबलावरचा पेपरवेट उचलला. फेकणार नव्हतो. पण उचलला, आणि तुझे डोळे त्याच्यावर गेले ते मी पाहिले. तू नोटीस माझ्या पिशवीत घालायला हात पुढं केलास तसं मी तुझं मनगट धरलं. घट्ट.

तू हिसका दिला नाहीस. दुसऱ्या हाताची बोटं माझ्यासमोर उघडलीस, एकेक करून. "धाक. स्पर्श. आणि सांगूनही जागेवर. तिन्ही झाले, पाच मिनिटांत. आता सोड."

मी सोडलं आणि निघून आलो.

तू दावा लावला नाहीस. लावला असतास तर बरं झालं असतं असं मला अनेकदा वाटलं. तारखा पडल्या असत्या. तारखेला तरी भेटलो असतो.

मी दुसरा वकील केला. तो रूढीवर छान बोलायचा, पण त्याला टॉवेल कुठल्या हातावर टाकतात तेही माहीत नव्हतं. शेवाळे सर प्रत्येक तारखेला येऊन मागच्या बाकावर वही घेऊन बसायचे. तू जिन्यात दिसायचास. टपरीवर आपण दोन वेगळ्या बाकांवर बसायचो, दोघांच्या हातात वर्तमानपत्र. टपरीवाला आधी म्हणायचा, "मिटवा की साहेब, एका कपात मिटंल." मग त्यानंही म्हणायचं सोडलं. मी वाट बघत होतो. तू मला बाहेर काढलंस, तर बोलवायचंही तूच, असा माझा हिशेब होता. अजूनही वाटतं तो अगदीच चुकीचा नव्हता. एका खटल्यासाठी तू मला वाऱ्यावर सोडलंस, एवढं मी तुझ्या फोटोसमोरही म्हणेन.

मग वहिनींचा फोन आला. "भाऊजी, दवाखान्यातून घरी आणलंय ह्यांना. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. येऊन जा." सकाळचे दहा वाजले होते. मी मोटारसायकल काढली आणि तुमच्या कॉलनीत आलो. फाटक उघडं होतं. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "या ना."

मी फाटकाबाहेरच थांबलो. म्हटलं, "त्याला विचारा. त्यानं मला बाहेर काढलंय. त्यानं ये म्हटलं तर येतो."

खरं सांगू का, त्यात अर्धं तुझं शिकवलेलं होतं आणि अर्धी खुन्नस. कुठलं अर्धं मोठं होतं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

वहिनी आत गेल्या. मी उभा. एक मिनिट झालं, दोन झाली. समोरच्या घरातल्या बाईनं मला नीट बघून घेतलं. पाच मिनिटं झाली असतील. माझ्या डोक्यात आलं, ताणतोय. पडल्या पडल्यासुद्धा ताणून धरतोय, वकील आहे ना. आणि मग माझ्या पायांनी ते केलं जे ते चाळीस वर्षं करत आलेत. घासाघीस अडली की मी उठतो. नको तर नको, म्हणतो आणि चालू लागतो. समोरचा हाक मारतोच. आणि आमचा पहिला धडा हा की पहिल्या हाकेला वळायचं नसतं. पहिल्या हाकेला वळलं की कळतं, ह्याला गरज आहे. दुसऱ्या हाकेला थांबायचं, तिसरीला वळायचं. ह्यावर मी घर बांधलंय, भास्कर.

मी गाडीला किक मारली. कोपऱ्यापर्यंत हळू नेली. मागून वहिनींची हाक आली, "भाऊजी!"

मी वळलो नाही. दुसरीची वाट बघत गाडी आणखी हळू केली.

दुसरी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

शोकसभेत वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तू जागा होतास. त्यांनी तुला सांगितलं की भाऊजी फाटकाशी उभे आहेत, आत येत नाहीत, त्यांना विचारा म्हणतात. तर तू हसलास. तोंडाला पाणी लावून मागितलंस, उशी वर करायला सांगितलीस, त्यातच वेळ गेला. मग म्हणालास, "शिकला म्हणायचा. बोलाव त्याला." वहिनी बाहेर आल्या तर मी कोपऱ्यावर. "हाक मारली मी, पण गाडीच्या आवाजात तुमच्यापर्यंत गेली नसेल." मी म्हटलं, "नाही हो वहिनी. ऐकूच आली नाही."

वहिनी, हे तुम्ही वाचणार आहात. ऐकू आली होती.

आता माझ्यात फार जोर राहिलेला नाही. आवारात गिऱ्हाईक येतं, मी भाव सांगतो, तोंडानं. तो म्हणतो जास्त आहे, मी म्हणतो असेल. लोक म्हणतात सुदामभाऊ बिघडले. टॉवेल खुंटीला आहे.

काल मी एकलहऱ्याला गेलो. माझ्या वकिलाला सांगितलं नाही, तो नको म्हणाला असता. शेवाळे सरांचं घर वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात त्या बाजूला, पुढं थोडी कोथिंबीर लावलेली. फाटक नुसतं लोटलेलं होतं. सर अंगणात खुर्ची टाकून वह्या तपासत होते. मला बघून उठले. मी बाहेरूनच म्हटलं, "सर, आत येऊ का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातली वही मिटली आणि घरात निघून गेले.

मी उभा राहिलो. ऊन चढत होतं. गुडघे दुखायला लागले. आतून कुकरची शिट्टी आली, कुणी तरी कुणाशी बोललं, मग शांत. पाय तेच म्हणत होते, तुला माहीतच आहे काय म्हणत होते. मी फाटकाचा गज धरून ठेवला. किती वेळ झाला ते बघायला मोबाईलही काढला नाही. एवढा वेळ मी कुणाच्या दारात कधी उभा राहिलो नव्हतो, बापाच्यासुद्धा नाही.

सर बाहेर आले. ओट्यावर उभे राहून बघत राहिले, हा अजून इथंच कसा, असं. मग म्हणाले, "या."

एकदाच म्हणाले, तेही हळू. मी गेलो.

बसलो नाही. उभ्यानंच ते दोन शब्द बोललो. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "एवढंच हवं होतं हो. वर्ष घालवलंत." मी म्हटलं, "माझा एक वकील होता, तोही हेच म्हणायचा." त्यांनी विचारलं, "मग ऐकलं का नाही त्याचं?"

तुझ्या रूढीबद्दलच्या मुद्द्यावर माझं अजून निम्मं म्हणणं शिल्लक आहे. दुकानात आला म्हणजे बाजारात नाही, हे मला पटलेलं नाही, आणि ते मी सोडणार नाही. पण सरांना त्यातलं काही सांगितलं नाही. निघताना त्यांनी उजवा हात थोडा पुढं केला, मधलं बोट अजून जरा वाकडंच. मी धरायला गेलो नाही. थांबलो. तो पुरता माझ्यापर्यंत येईस्तोवर थांबलो, आणि मगच धरला.